आधी चारशे माणसं, मग लीग

काका, मी २७ वर्षांचा आहे, भांडुपला राहतो, एका आयटी कंपनीत नोकरी करतो. कॉलेजपासून अल्टिमेट फ्रिस्बी खेळतोय, म्हणजे डिस्क, ती उडती थाळी, आपल्या माणसांकडे फेकत समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पकडली की गुण. रविवारी सकाळी जुहू चौपाटी, मधल्या वारी कधी टर्फ, वर्षातून एखाद-दुसरी बाहेरगावची स्पर्धा. आता ओळखीतल्या एका गृहस्थांनी मुंबईत सहा संघांची व्यावसायिक लीग काढायचं मनावर घेतलंय. एक संघ मी उभा करायचा, त्यात माझे साडेचार लाख घालायचे आणि नोकरी सोडून वर्षभर त्याच कामाला लागायचं, असं त्यांचं म्हणणं. तिकीट ३०० रुपये. "कबड्डीला तरी कोण विचारत होतं? आज बघ," हे त्यांचं पालुपद. बाबा तरुणपणी लालबागच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळलेत. ते म्हणतात, थाळी फेकताना बघायला पदरचे पैसे कोण घालणार? मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. खरंच पैसे मोजून माणसं येतील का?
– डिस्कवेडा, भांडुप

प्रिय डिस्कवेड्या,

उत्तर आधी देऊन टाकतो. माणसं येतील. पण शेकड्यांनी येतील, हजारांनी नाही, आणि तीनशे रुपये तर सुरुवातीला अजिबात देणार नाहीत. तेवढ्या गर्दीवर शनिवारची एक झकास संध्याकाळ उभी राहते, खेळाडूंचे पगार निघत नाहीत. म्हणून नोकरी सोडू नकोस आणि साडेचार लाखांना हात लावू नकोस. आता हे मी कशाच्या जोरावर म्हणतो ते सांगतो, कारण तुझ्या गृहस्थांनी कबड्डीचा दाखला अर्धाच दिलाय.

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला वरळीच्या डोममध्ये सुरू झाली. यू मुंबा विरुद्ध जयपूर. प्रकाशझोत, मॅट, गॅलरीत सिनेमातली माणसं. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटलं, हे सगळं एका रात्रीत उगवलं. पण त्याआधी कितीतरी वर्षं प्रभादेवी, लालबाग, परळ, दादर इथे मंडळांच्या स्पर्धा रात्र-रात्र चालत होत्या. दुपारी पाणी मारून, रोलर फिरवून मैदान करायचं, बांबूच्या गॅलऱ्या बांधायच्या, हॅलोजन लावायचे, आणि सामना रंगला की पोरं झाडावर चढून बघायची. त्या गॅलरीतल्या प्रत्येकाला बोनस म्हणजे काय, लोण कधी पडतो, कोपरारक्षक कुठे चुकला हे सांगावं लागत नव्हतं. शाळेच्या पटांगणात प्रत्येकजण एकदा तरी 'कबड्डी कबड्डी' करून गुडघे फोडून आला होता. प्रो कबड्डीने प्रेक्षक जन्माला घातला नाही, होता त्याला टीव्हीसमोर आणून बसवलं.

त्यासाठी खेळही बदलला. चढाईला ३० सेकंदांचं बंधन होतं, त्यात दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद, हा नियम लीगने आणला. त्यामुळे दर अडीच-तीन मिनिटांत काहीतरी घडणारच याची खात्री झाली. १३ बाय १० मीटरचं मैदान कॅमेऱ्यात आख्खं मावतं, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. शिवाय पुढच्याच वर्षी स्टारने लीग चालवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, म्हणजे दाखवणारा आणि चालवणारा एकच झाला. पैसा आला तो टीव्हीतून आणि प्रायोजकांकडून. तिकीटबारीवर ती लीग कधीच जगली नाही. तुझ्या अल्टिमेटकडे यातलं आज काय आहे? ना गल्लीत मुरलेला खेळ, ना वाहिनी, आणि मैदान १०० मीटर लांब.

खो-खोचंही बघ. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो नावाची लीग सुरू झाली, तुझ्या अल्टिमेटशी तिचं फक्त नावाचं साम्य. महाराष्ट्रात खो-खो न खेळलेला माणूस शोधून सापडायचा नाही, तरी पहिल्या हंगामाचे सगळे सामने पुण्याच्या बालेवाडीत एकाच ठिकाणी घेतले. हॉकी इंडिया लीग २०१३ ला सुरू झाली आणि २०१७ नंतर बंद पडली. ऑलिम्पिकची इतकी सुवर्णपदकं नावावर असलेला खेळ, तरीही. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत उभी केली तेव्हा सामने कुठे घेतले? राउरकेला आणि रांची. मुंबईला महिंद्र स्टेडियम आहे, दिल्लीला ध्यानचंद आहे, पण ज्या पट्ट्यात घराघरात स्टिक आहे तिथे लीग नेली. यात तुझ्यासाठी मोठी शिकवण आहे. खेळ जिथे राहतो तिथे तिकीट लावावं. मुंबईत अल्टिमेट कुठे राहतं, याचा नकाशा आधी तू काढायला हवास.

आता खुद्द अल्टिमेटचं. हा खेळ १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या एका शाळेत पोरांनी सुरू केला. तिथे आज तो शाळा-कॉलेजांत सर्रास खेळला जातो. इतकं असूनही व्यावसायिक लीग उभी राहायला २०१२ उजाडलं. पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि त्यांतले बरेचसे टिकले नाहीत. २०१३ मध्ये दुसरी एक लीग समोर उभी राहिली, तिने २०१६ च्या हंगामानंतर गाशा गुंडाळला. पहिली तगली, २०२४ मध्ये तिने नावही बदललं, दोन डझनांच्या आसपास संघ तिथे खेळले. पण बहुतेक खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी सामना खेळतात. पन्नासएक वर्षं खेळ रुजलेल्या देशातली ही गत आहे. तिथल्या लीगमध्ये प्रेक्षकांसाठी नाव काढलं ते मॅडिसनने. विस्कॉन्सिनमधलं हे कॉलेजचं गाव, गावाच्या मधोमध जुनं, आटोपशीर मैदान, उन्हाळ्यातली संध्याकाळ, आणि आलेल्यांत खेळाडूंचे मित्र, विद्यार्थी, कडेवर पोर घेतलेली कुटुंबं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या, आणि छोट्या गावातल्या छोट्या मैदानात गलका. २०१८ चं विजेतेपद त्या संघाने त्याच मैदानावर, आपल्या माणसांसमोर जिंकलं.

हिशेब मांडूया, कारण तुझ्या पत्रात तो कुठेच नाही आणि त्या गृहस्थांनी तुला दाखवलेला दिसत नाही. समज १५० रुपये तिकीट लावलं आणि ४०० माणसं आली. साठ हजार झाले. दोन संघांचे पंधरा-पंधरा खेळाडू, प्रत्येकाला एका सामन्याचे दोन हजार. साठ हजार गेले. मैदानाचं भाडं, दिवाबत्ती, रुग्णवाहिका, फिजिओ, विमा, माईकवाला, पाणी, परवानग्या, हे सगळं अजून बाकी आहे. आणि दोन हजारांत कुणी व्यावसायिक होत नाही, तुलाही ठाऊक आहे. तिकीट ३०० केलंस तर पैसे दुप्पट होतील असं कागदावर दिसतं, पण चारशेतले निम्मे घरी राहतील. त्याच पैशात माणूस चहा-वड्यासकट सिनेमा बघून येतो, आणि सिनेमात काय चाललंय ते त्याला कळतं.

हे कळण्याचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

मागे वांद्र्याच्या एका मैदानावर मी अल्टिमेटची स्पर्धा बघायला गेलो होतो. माझ्या शेजारी गोवंडीहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या, मुलगी खेळत होती म्हणून आलेल्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्या मोबाइलच बघत होत्या. मग त्यांच्या मुलीने पळत जाऊन, आडवी उडी घेऊन, एंड झोनच्या, म्हणजे गुण मिळतो त्या टोकाच्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात डिस्क पकडली. आमच्या बाजूने आरडाओरडा झाला. तेवढ्यात समोरच्या संघातली मुलगी म्हणाली, पाय बाहेर पडला. खेळ थांबला. दोघी उभ्या राहून बोलल्या. आणि या बाईंच्या मुलीने मान हलवली, डिस्क खाली ठेवली आणि बचावाला पळाली. "असं कसं देऊन टाकलं? पंच कुठाय?" बाईंनी विचारलं. पलीकडे बसलेल्या एका पोराने सांगितलं, "काकी, यात पंच नसतो. ज्याचं त्याने खरं सांगायचं." त्यानंतर मोबाइल पर्समध्ये गेला तो बाहेर आलाच नाही. पुढच्या प्रत्येक वादाला त्या गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकायच्या, "आता हा खरं बोलतोय का बघू." शेवटी शेवटी त्या डिस्कपेक्षा माणसांकडेच जास्त बघत होत्या.

तुझ्या खेळात विकण्यासारखं जे आहे ते इथे आहे, आणि ते एका पोराने एका वाक्यात सांगेपर्यंत त्या बाईंना दिसत नव्हतं. लेआउट म्हणजे ती आडवी उडी, हॅमर म्हणजे डोक्यावरून टाकलेली उलटी फेक, हक म्हणजे लांबच्या लांब फेक, हे सगळं डोळ्यांना छान दिसतं. त्याच्या क्लिपा लाखो लोक फुकट बघतात, दहा सेकंदांत पुढे सरकतात आणि कुणाचं नावही लक्षात ठेवत नाहीत. क्लिप बघणाऱ्याला प्रेक्षक समजून हिशेब करू नकोस. तिकीट काढणारा दीड तास बसतो. त्याला कोण जिंकतंय, किती वेळ उरलाय आणि आत्ता का थांबलेत, या तीन गोष्टी सतत कळत राहायला हव्यात.

अमेरिकेतल्या लीगने यावर तोडगा काढला. पंच आणले, बारा-बारा मिनिटांचे चार डाव केले, डिस्क हातात ठेवायची मुदत दहा सेकंदांवरून सातवर आणली, मैदान रुंद केलं. घड्याळाचं त्यांचं मला पूर्ण पटतं. पंधरा गुणांपर्यंत खेळत राहायचं, सामना कधी संपेल ते कुणालाच ठाऊक नाही, यात भांडुपला परतणाऱ्या माणसाची लोकल चुकते. घड्याळ तूही लाव. पंच मात्र आणू नकोस. त्यांच्याकडेही, पंचाने आपल्या बाजूने दिलेला चुकीचा निर्णय खेळाडू स्वतःहून फिरवू शकतो, ही सोय ठेवावीच लागली, कारण ती काढली तर या खेळात उरतं काय? पंचांचे निर्णय, त्यावरची आरडाओरड, हे सगळं मुंबईकराला क्रिकेटमध्ये पोटभर मिळतं. स्वतःहून 'माझा पाय बाहेर होता' म्हणणारा खेळाडू त्याला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? फक्त तो दिसायला आणि ऐकू यायला हवा. खेळाडूंनी हाताच्या खुणा नीट, मोठ्या करायच्या. माईकवर एक जाणकार हवा, जो मराठीत आणि हिंदीत सांगेल की वाद कशाचा होता आणि काय ठरलं. एकमत झालं नाही तर डिस्क मागे थ्रोअरकडे, म्हणजे फेकणाऱ्याकडे, जाते, हेही लोकांना आवडेल, पण आधी कळू तर दे. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांमध्ये माईकवरचा माणूस अर्धी गर्दी धरून ठेवतो. तसा एक माणूस आत्तापासून शोध. खेळाडू नंतर शोधलेस तरी चालतील.

दुसरी गोष्ट मिश्र संघांची. भारतात हा खेळ मुली आणि मुलगे एकाच संघात खेळतात, ही तुझ्याकडची फार मोठी ठेव आहे. तुझे गृहस्थ उद्या म्हणतील, पुरुषांचीच लीग काढू, वेग जास्त दिसतो. अमेरिकेत तेच झालं. २०१८ च्या हंगामाआधी तिथल्या बऱ्याच नावाजलेल्या खेळाडूंनी, बायकांना बरोबरीची जागा मिळत नाही तोवर आम्ही खेळणार नाही, असं जाहीर करून बहिष्कार घातला. नंतर बायकांच्या वेगळ्या लीग निघाल्या. मुंबईत असा दुभंग पाडायचं काहीही कारण नाही. गोवंडीच्या त्या बाई मुलीसाठी आल्या होत्या. टॉवरमधला मुलगा आणि वस्तीतली मुलगी एकमेकांना डिस्क देतायत, आणि दोघांचीही घरची माणसं एकाच बाकावर बसलीयत, हे या शहरात किती ठिकाणी घडतं? माझ्या मते तुझी पहिली दोनशे तिकिटं याच बाकावर बसणारी आहेत.

त्यामुळे संघ वाटताना लिलाव वगैरे करू नका. मुंबईच्या माणसाला गाव, गल्ली, मंडळ कळतं. यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा होता आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, हे खरं. पण त्याच संघात मुंबईचा रिशांक देवाडिगा होता, आणि तो चढाईला निघाला की उपनगरांतल्या पोरांचा आवाज वेगळाच लागायचा. भांडुप-मुलुंडचा एक संघ, गोवंडी-चेंबूरचा एक, अंधेरी-जुहूचा एक, पवईचा एक. चार पुरे, सहा कशाला? प्रत्येक संघाने वर्षभर आपल्या भागातल्या चार-पाच शाळांत जाऊन शिकवायचं. १७५ ग्रॅमची एक डिस्क आणि मोकळी जागा एवढ्यावर भागतं, शाळा नाही म्हणत नाहीत. ज्या पोराने स्वतः फोरहँड टाकून बघितलाय आणि ज्याची डिस्क दहा वेळा वाकडी गेलीय, त्यालाच समोरच्याचा सरळ गेलेला फोरहँड किती अवघड आहे ते कळतं. तीच पोरं आईबापांना ओढत आणतील. लहान मुलांमागे दोन मोठे येतात, हे गणित सर्कसवाल्यांनाही ठाऊक होतं.

मैदानाबद्दल. अंधेरीचं फुटबॉल अरीना डोक्यातून काढ. २०२५ च्या जूनमध्ये तिथे रग्बी सेव्हन्सची लीग झाली, सहा संघ, परदेशी नामवंत खेळाडू, मागे मोठा प्रायोजक आणि टीव्ही. ते बळ तुमच्याकडे नाही. जुहू चौपाटीवर बीच अल्टिमेट झकास होतं, पण तिथे तिकीट लावणार कसं आणि भरती थांबवणार कोण? शिवाजी पार्कही सगळ्यांसाठी उघडं आहे, तसंच राहावं. तुला हवं कुंपणाचं, दिव्यांचं, एका बाजूला छोटी गॅलरी असलेलं फुटबॉलचं मैदान. वांद्रे रेक्लेमेशनचं नेव्हिल डिसोझा किंवा कूपरेज, या जातीचं. आणि एक गोष्ट आयोजक हमखास विसरतात. अल्टिमेटचं मैदान ३७ मीटर रुंद आहे, फुटबॉलचं साधारण त्याच्या दुप्पट. मधोमध आखू नका. सगळं मैदान गॅलरीकडे सरकवा, बाहेरची रेघ पहिल्या बाकापासून सुरक्षित अंतर सोडून, पण जमेल तितकी जवळ. डिस्क पुरती फूटभर रुंदही नाही, लांबून ती दिसत नाही, आणि खेळाडू धापा टाकताना ऐकू आला तर प्रेक्षक मोबाइल काढत नाही. दुपारी समुद्रावरून वारा येतो, तेव्हा चांगले खेळाडूही डिस्क सोडतात आणि सामना गचाळ दिसतो. दिवेलागणीनंतर खेळा. महिने डिसेंबर-जानेवारी. जूनमध्ये पाऊस, मार्चमध्ये दहावी-बारावी, एप्रिल-मेमध्ये आयपीएल.

तिकीट शंभर रुपये, बारा वर्षांखालच्यांना फुकट. अगदी फुकट सगळ्यांनाच ठेवू नकोस. फुकट आलेला माणूस कधीही उठून जातो, आणि तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुला कधीच मिळत नाही. पासवाटप तर बंदच ठेव. मंडळाचा खजिनदार म्हणून मी पावतीपुस्तकं सांभाळली आहेत. वर्गणीदारांची यादी आणि प्रत्यक्ष जमा रक्कम, यांतल्या फरकावर उत्सव बुडतात. दारात किती माणसांनी पैसे मोजले, त्यांतले खेळाडूंच्या नात्यातले किती आणि अनोळखी किती, एवढं एका वहीत लिही. सहा शनिवार कर. सहाव्या शनिवारी अनोळखी माणसांचा आकडा पहिल्यापेक्षा वाढला असेल, तर लीगबद्दल बोलायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

तुझ्या वाट्याला यात किती पैसे जावेत? चार संघांनी मिळून वर्गणी काढली, एखाद्या स्थानिक दुकानाने जर्सी दिल्या, तर तुझ्या खिशातून एका पगारापेक्षा जास्त जाता कामा नये. नोकरी चालू राहील. शनिवारची संध्याकाळ तू नाहीतरी मैदानावरच असतोस.

त्या गृहस्थांना भेट, भांडू नकोस. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांना चार गोष्टी कागदावर मागायच्या. त्यांचे स्वतःचे किती पैसे यात आहेत? सामने कुठल्या वाहिनीवर किंवा ॲपवर दिसणार आणि त्याचा करार झालाय का? पहिल्या हंगामात तिकिटांतून शून्य रुपये आले तर खेळाडूंचं मानधन कुठून देणार? आणि लीग दुसऱ्या वर्षी बंद पडली तर तुझ्या साडेचार लाखांचं काय? पहिल्या प्रश्नालाच त्यांनी विषय बदलला, तर पुढचे तीन विचारायची गरज नाही. आणि चारही उत्तरं चोख मिळाली, तर त्यांनाच सांग की आधी या सहा शनिवारांचा खर्च उचला. खरोखर लीग काढायची असलेला माणूस याला नाही म्हणणार नाही, कारण कुठल्याही प्रायोजकासमोर जाताना हीच वही त्याच्याही कामाला येणार आहे.

बाबांशी मात्र वाद थांबव. ज्या माणसाने लालबागला कबड्डी खेळलीय, त्याला गॅलरी कशी भरते, कुठल्या मंडळाला कधी बोलवायचं, सामने कुठल्या क्रमाने लावले की शेवटपर्यंत माणसं हलत नाहीत, हे तुझ्या गृहस्थांपेक्षा चांगलं ठाऊक असणार. त्यांना पुढच्या रविवारी जुहूला ने. नियम समजावत बसू नकोस, एक डिस्क हातात दे आणि टाकायला सांग. मग दारावरच्या तिकिटांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपव. मैदानाचं डिसेंबरचं बुकिंग गणपतीच्या आधी करून टाक, दिवाळीनंतर शनिवार मिळत नाहीत.

तुझा,
काका